नऊ दिवस, एक गाडी, एक सायकल, आम्ही दोघं: समुद्रकाठची सहल आखली आहे, चुका काढा

पंक्चरवाला

मी आणि बायको, दोघंच. हाताशी नऊ दिवस, एक गाडी आणि गाडीच्या टपावर माझी सायकल. किनाऱ्याकाठच्या रस्त्याने जायचं, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला शेतं आणि टेकड्या, आणि रोज काहीतरी घाम काढणारं करायचं असा बेत आहे. गाडीत बसून काचेतून समुद्र बघणं दोघांनाही तासाभरापलीकडे जमत नाही. ठिकाणाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की पहिले वीस प्रतिसाद कुठे राहा आणि कुठे जेवा यावर येतात. मला आखणीची रीतच चुकते आहे का, एवढंच विचारायचं आहे.

आमची कुंडली अशी. मी सायकलवाला, दिवसाला ६०-७० किलोमीटर सहज. ती सायकलवर बसत नाही (शाळेत असताना जोरात पडली होती, तो विषय आमच्याकडे काढत नाहीत), पण चालते भरपूर आणि पोहते माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. तिचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. कयाक दोघांनी आयुष्यात एकदा वल्हवली आहे, तीही तळ्यात. गाडी दोघंही चालवतो.

मी एक्सेल केलं. नऊ ओळी, सात रकाने. एकूण १३५० किलोमीटर, म्हणजे रोजचे १५०. पहिल्या दिवशी सकाळी १९० किलोमीटर गाडी, मग कड्यावरच्या पायवाटेने १२ किलोमीटर चाल. दुसऱ्या दिवशी सकाळी ४५ किलोमीटर सायकल, दुपारी कयाक, संध्याकाळी १४० किलोमीटर गाडी. तिसऱ्या दिवशी पुळणीवरून लांब फेरी, मग पुन्हा गाडी. रोज नवा मुक्काम. मोठ्या अभिमानाने बायकोला दाखवलं. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शांतपणे वाचलं आणि विचारलं, "ही सहल आहे की सैन्यभरती?"

तेव्हापासून लॅपटॉप बंद आहे. काय कापू, काय ठेवू? आणि एकाला सायकल, दुसऱ्याला चाल, मध्ये गाडी एकच, हे जमवतात कसं?

अर्धा_कप

वहिनी बरोबर बोलल्या. धागा बंद करा.

वाळूचं_घड्याळ

धागा बंद नको, मला बरंच बोलायचं आहे.

पंक्चरवाला, बायकोने टोमणा म्हणून भरती काढली, पण तुमच्या सात रकान्यांत नेमकी तीच नाही. भरती, आणि तिच्यामागून येणारी ओहोटी. समुद्रकाठच्या सहलीत पहिला रकाना तो लागतो, बाकीचे त्याच्या मागे. पण ते जरा वेळाने. आधी तुमचे किलोमीटर.

आम्ही दोघं सव्वीस वर्षं असल्याच सहली करतो. माझे गुडघे तुमच्या बायकोच्या गुडघ्याचे थोरले भाऊ आहेत. सुरुवातीला आमचाही हिशेब तुमच्यासारखाच असे, ताशी साठ धरून. किनाऱ्याचा रस्ता साठने जाऊ देत नाही. समोरचं गाव डोळ्यांना दिसत असतं, मध्ये खाडी. मग रस्ता खाडीच्या कडेकडेने आत आत जातो, कुठेतरी पूल सापडतो, आणि तेवढंच अंतर पलीकडून परत. गाड्या पलीकडे नेणारी तर (फेरीबोट) असते तिथे अंतर वाचतं, पण तिची वाट बघावी लागते. त्यात अरुंद वळणं, समोरून ट्रॅक्टर, रस्त्यात गुरं, आणि दर दोन वळणांनी तुम्हीच ओरडणार, थांब थांब, इथे थांब. मी ताशी ३५ ते ४० धरते आणि तेच खरं निघतं. म्हणजे तुमचे पहिल्या दिवशीचे १९० किलोमीटर म्हणजे पावणेपाच तास निव्वळ चाकावर.

आता त्यावरची १२ किलोमीटरची चाल. पायी वेळेचा एक जुना ठोकताळा आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर १०० मीटर चढाईला आणखी दहा मिनिटं. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा वेळ. कड्यावरच्या वाटेवर माणूस फसतो तो चढाईत. नकाशात उंची बघितली की वाटतं, हे तर सपाटच आहे. पण समुद्राला मिळणारा प्रत्येक ओढा कडा चिरून गेलेला असतो. वाट तिथे खाली उतरते, ओढा ओलांडते, पुन्हा वर. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला फेरी घालणारी किनाऱ्याची पायवाट आहे, ६३० मैलांची. तिचा सर्वांत उंच माथा ३१८ मीटर. आणि पूर्ण वाटेवरच्या चढांची बेरीज सुमारे ३५,००० मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळजवळ चौपट. सगळी बेरीज ओढ्यांची.

तेव्हा तुमच्या १२ किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढ सहज निघेल. ठोकताळ्याने झाले साधारण साडेतीन तास. त्यात बसणं, बघणं, बूट काढून वाळू झटकणं. त्यात उतारावरचा गुडघा, आणि वेळ नेहमी मागे राहणाऱ्याचा धरायचा, पुढे जाणाऱ्याचा नाही. पाच तास लिहा. गाडीचे पावणेपाच मिळवा. पहिल्याच दिवशी दहा तास झाले, आणि मुक्कामाची किल्ली घेताना तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसाल. आम्ही नव्हतो.

आता भरती. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोजची वेळ जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. समजा पहिल्या दिवशी ओहोटीचं सर्वांत खालचं पाणी सकाळी ७.१० ला आहे. सातव्या दिवशी तेच पाणी दुपारी बाराच्या पुढे गेलेलं असेल, आणि सकाळी सात वाजता भरती नुकतीच होऊन गेलेली. जी पुळण पहिल्या दिवशी मैदानासारखी पसरली होती ती सातव्या दिवशी त्याच वेळेला नसतेच. तुमच्या तिसऱ्या दिवशीची "पुळणीवरून लांब फेरी" किती वाजता आहे ते एक्सेल सांगतं. समुद्राला ते कळवलंय का?

त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण. तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप लांब जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा दोन्ही कमी. उधाणाच्या ओहोटीला जी खडकाखालची वाट उघडी पडते ती भांगाच्या दिवशी कदाचित उघडतच नाही. आठवड्याभरात एक टोक जाऊन दुसरं येतं, म्हणजे नऊ दिवसांत तुम्ही दोन्ही बघणार. प्रत्येक किनारा वेगळाही असतो. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच काठावर भरती कळतसुद्धा नाही, आणि कॅनडात फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं. म्हणून त्याच जागेचा किंवा तिच्या सर्वांत जवळच्या बंदराचा तक्ता घ्यायचा, लांबच्या बंदराचा नाही.

हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या सहाव्या की सातव्या सहलीत सकाळी आठच्या ओहोटीला आम्ही एका खडकाळ नाकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलो. इतकी सुंदर जागा, आणि आमच्याशिवाय कोणी नाही. कोणी का नाही, हे विचारायला हवं होतं. साडेदहाला परत निघालो तर नाकापाशी पाणी मांडीपर्यंत, आणि लाटा वेगळ्या. नवरा म्हणाला, थांबू थोडा वेळ, उतरेल. उतरेल कसं? ते चढत होतं. दुपारी दोनच्या पुढे पूर्ण भरती, मग तेवढाच वेळ उतरायला. संध्याकाळी सातला वीस मिनिटं कमी असताना आम्ही पलीकडे आलो. आठ तास. एक बाटली पाणी आणि पाठीमागे उभा कडा. लग्नापासूनचे सगळे विषय बोलून झाले, काही दोनदा.

तिथे बसून पाणी कसं चढतं ते मात्र नीट बघून झालं. सहा तासांत ते सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. पहिला तासभर वाटतं, काही घाई नाही. पुढच्या दोन तासांत ते धावत येतं. म्हणून आमचा नियम झाला: पुळणीवरची चाल ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करायची आणि ओहोटीच्या क्षणाला परतीच्या तोंडाला लागलेलं असायचं. समोर कितीही सुंदर दिसो.

आता एक गाडी, दोन माणसं. ही युक्ती माझी नाही, नवऱ्याची, आणि त्याच्या थोड्या युक्त्यांपैकी खरोखर चांगली. चाल 'अ'पासून 'ब'पर्यंत आहे. आधी गाडीने 'ब'ला जा, तिथे सायकल उतरवून नीट कुलूप लावून ठेवा. मग गाडी घेऊन 'अ'ला या, तिथे गाडी सोडा, आणि दोघं मिळून 'ब'पर्यंत चाला. पोचल्यावर ती समुद्रात उतरेल नाहीतर झाडाखाली पडेल, आणि तुम्ही सायकल काढून डांबरी रस्त्याने 'अ'ला जाऊन गाडी घेऊन याल. पायवाट १२ किलोमीटर असली तरी मागचा रस्ता पुष्कळदा ८-९च असतो. तिला चालून आलेल्या वाटेवरून परत चालावं लागत नाही, तुम्हाला सायकल मिळते, आणि दोघांना तासभर एकटेपणा मिळतो, ज्याची चौथ्या दिवसापासून किंमत कळते. 'अ' कुठलं आणि 'ब' कुठलं हे वाऱ्यावर ठरवा. चालताना वारा तोंडावर चालतो, सायकलवर नाही चालत. वारा ज्या बाजूने येतो तिकडे 'ब'.

फक्त एक. पहिल्यांदा हे केलं तेव्हा नवरा नऊ किलोमीटर सायकल मारून गाडीपाशी गेला आणि गाडीची चावी माझ्या पिशवीत होती.

शेवटचं: रोज नवा मुक्काम अजिबात नको. नऊ दिवस म्हणजे आठ रात्री. तीन, तीन, दोन. तीनच ठिकाणं, आणि तिथून फेऱ्या. १३५० चे सहाशे होतील. ओले कपडे वाळतात, त्याच पुळणीची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही बघायला मिळते, आणि एखादा दिवस धुक्यात गेला तर उद्या परत जाता येतं.

ओला_टॉवेल

ताईंनी वाळूवरचं सांगितलं, मी पाण्यातलं सांगतो. मी पोहणारा आहे आणि मला काळजी पंक्चरवाल्यांची नाही, चांगलं पोहणाऱ्या त्यांच्या बायकोची वाटते. तलावात चांगलं पोहणारी माणसंच समुद्रात लांब जातात.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून ओततात. ते पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं आणि तिथून जोरात समुद्रात घुसतं. याला रिप करंट म्हणतात. ती जागा वरून कशी दिसते? दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस, आणि मधला पट्टा गडद, शांत, लाटच फुटत नाही. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, इथे बरं आहे, इथून उतरू. पाण्यात जाण्याआधी पाच मिनिटं उंचावर उभं राहून बघा, पट्टा ओळखू येतो. सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. तो तुम्हाला आत नेतो, खाली ओढत नाही. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या आणि मग फुटत्या लाटांबरोबर काठाला लागा.

आणि जोडप्यांसाठी खास: एक अडकला तर दुसऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे. पण वाचवायला गेलेला बुडतो असं वारंवार घडतं. तरंगणारं काहीही फेका, जीवरक्षकाला बोलवा, बोट त्याच्याकडे रोखून उभे राहा म्हणजे नजर सुटत नाही. जिथे जीवरक्षक आहेत तिथेच पोहायचं ठरवलंत तर यातलं बरंचसं लागणारच नाही.

कयाक दुपारी ठेवली आहेत ती सकाळी घ्या. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्राकडून वारा येतो. तो उन्हं चढली की सुरू होतो आणि दुपारी ऐन जोरात असतो. तळ्यात एकदा वल्हवलेल्या दोन माणसांनी त्यात जाऊ नये. पहाटे-सकाळी पाणी आरशासारखं असतं. मात्र जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर त्या आरशावर विश्वास नको. कड्याच्या आडोशाला पाणी शांत दिसतं, शंभर मीटर पुढे गेलात की वारा पाठीवर बसतो आणि परतीची वाट त्याच्या विरुद्ध. पहिल्यांदा खाडीच्या तोंडाच्या आत, वाटाड्याबरोबर, अंगात जीवरक्षक जाकीट घालून.

टप_जपा

एकच वाक्य: सायकल टपावर आहे हे विसरून उंचीचा आडवा दांडा लावलेल्या वाहनतळात गाडी घालू नका.

मी घातली. सायकलची फ्रेम गेली, टपाला पोचा, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जो सत्कार केला तो वेगळा. आता सायकलसकट गाडीची उंची चिकटपट्टीवर लिहून सुकाणूच्या वर लावली आहे. बायको म्हणते, उंची कळून काय उपयोग, आधी वर बघायला हवं. ही दोन वाक्यं झाली.

अर्धा_कप

सहा झाली.

आता मीही जरा कामाचं बोलतो. सहल कुठल्या दिशेने करायची ते समुद्र कुठल्या हाताला येतो त्यावर ठरवा. जिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे समुद्र डावीकडे ठेवायचा: पश्चिम किनारा असेल तर दक्षिणेकडून उत्तरेला, पूर्व किनारा असेल तर उलट. उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशात समुद्र उजवीकडे. कारण सरळ आहे. तुमची मार्गिका पाण्याच्या बाजूला राहते, शेजारी बसलेल्याच्या खिडकीत समुद्र येतो, आणि मध्येच थांबायचं झालं तर समोरच्या वाहतुकीला आडवं जावं लागत नाही. बेट असेल तर डावीकडून चालणाऱ्यांनी घड्याळाच्या दिशेने फिरावं.

चालवणाऱ्याला मात्र समुद्र कुठल्याही दिशेने दिसत नाही, दिसूही नये. तेव्हा अदलाबदल करा. आम्ही दर तासाला करायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात जो आधी कंटाळून पाय आपटेल तो उतरतो.

पंक्चरवाला

सगळ्यांचे आभार. बायकोला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आठ तास खडकावर बसल्याचा किस्सा तिने मला दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "या बाईंच्या हाताखाली सहल करायला मी तयार आहे."

घड्याळताई, तुमचं ऐकून तीन-तीन-दोन केलं. किलोमीटर ६४० वर आले. जीव थोडा तुटला, कारण शेवटच्या टोकाचं दीपगृह सुटलं. पण दोन गोष्टी अडतात. मुक्काम सगळे आधीच ठरवून टाकायचे की हवामान बघून पुढे सरकायचं? आणि कुठल्या दिवशी काय हे कसं ठरवू? मी अजूनही पहिल्याच दिवशी ती कड्यावरची चाल धरून बसलो आहे, कारण तेव्हा अंगात जोर असतो.

वाळूचं_घड्याळ

जोर पहिल्या दिवशी असतो, हिशेब तिसऱ्या दिवशी येतो. सवय नसलेल्या पायांनी लांब उतार उतरलात की मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि त्याचं दुखणं लगेच येत नाही. एक ते तीन दिवसांनी येतं. पहिल्या दिवशी कडा केलात की तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या पायऱ्या उलट्या तोंडाने उतराल. पहिल्या दिवशी फक्त पोचा, आणि संध्याकाळी पाणी दूर असेल तर सपाट ओल्या वाळूवर तासभर चाला. ओल्या, कारण कोरड्या वाळूत गुडघा आणि पोटऱ्या दोन्ही बोलायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कयाक नाहीतर पोहणं, तुम्हाला थोडी सायकल. कडा तिसऱ्या दिवशी घ्या, आणि त्याचा दुसरा दिवस मोकळा सोडा. मुक्काम हलवायचा दिवस तोच ठेवला की तो आपोआप मोकळा राहतो. तिला उतारासाठी दोन काठ्या द्या. एक नाही, दोन.

मुक्कामाच्या रात्री आधी ठरवा, दिवस ठरवू नका. संध्याकाळी सात वाजता, अंगाला मीठ लागलेलं असताना, खोली शोधत फिरणं यासारखं भांडणाचं दुसरं निमित्त मी बघितलेलं नाही. पण कुठल्या दिवशी काय, हे आदल्या रात्री तीन गोष्टी समोर ठेवून ठरवा: ओहोटी किती वाजता, वारा कुठून, आणि सूर्यास्त कधी. शेवटच्याला दीड तास राखून.

धुक्याचा दिवस आलाच तर खोलीत बसू नका. उबदार दमट हवा थंड पाण्यावरून आली की हे धुकं धरतं आणि कित्येकदा किनाऱ्यालाच चिकटून राहतं. दहा-पंधरा किलोमीटर आत गेलात की लख्ख ऊन असू शकतं. कड्यावर मात्र धुक्यात जायचं नाही. कडेला गवत असतं आणि गवताखाली काही नसतं.

दीपगृहाचं वाईट वाटून घेऊ नका. टोकाला जायचं म्हणून आम्ही एकदा दोन दिवस नुसती गाडी हाकली. टोकाला पोचलो, फोटो काढला, परत फिरलो. त्या सहलीतलं आज मला काय आठवतं सांगू? एका पुलाखाली गाडी थांबवून वल्हं दुरुस्त करत बसलेला एक माणूस. त्याने आम्हाला वर बघायला सांगितलं, तर पुलाच्या कमानीत पाणकावळ्यांची घरटी. बाकी सगळा रस्ता गेला कुठे कोण जाणे.

ओला_टॉवेल

एक भर. रोज संध्याकाळी सायकलची साखळी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग तेल. वाळू आणि मीठ मिळून दोन दिवसांत तिचं करवत करतात. गाडीचा खालचा भागही परत आल्यावर धुऊन घ्या. आणि गाडी वाळूवर उतरवू नका, दुसऱ्या कुणाची उभी दिसली तरी. ती अडकलेली असू शकते.

पंक्चरवाला

नवी आखणी अशी झाली. पहिला रकाना ओहोटी, तो बायकोने स्वतःच्या हाताने भरला, त्या त्या मुक्कामाजवळच्या बंदराच्या तक्त्यावरून. त्यात कळलं की माझ्या तिसऱ्या दिवसाच्या पुळणफेरीला नेमकी भरती होती. ती फेरी आता पाचव्या दिवशी, सकाळी साडेआठला सुरू, साडेदहाच्या ओहोटीला परत. कडा तिसऱ्या दिवशी, वारा पाहून 'अ' आणि 'ब' ठरवायचे. कयाक दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, खाडीत, वाटाड्याबरोबर. सातव्या दिवसाच्या ओळीत काहीच नाही. मी तिथे "राखीव" लिहिलं होतं, तिने ते खोडून "झोप" लिहिलं.

सायकल टपावरून काढून गाडीच्या मागे लावायची चौकट घेतोय. त्याने नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत ते बघितलं. वाहनतळाचा दांडा आता चालेल, फक्त मागे घेताना लांबी लक्षात ठेवायची.

एकच राहिलं. गाडीची दुसरी चावी घरी ठेवायची की बरोबर घ्यायची? आम्ही ती गाडीतल्याच कप्प्यात ठेवतो.

वाळूचं_घड्याळ

बरोबर घ्या. एक तिच्या पिशवीत, एक तुमच्या खिशात, चेन लावून. कप्प्यात ठेवलेली चावी बंद काचेतून फार छान दिसते.